रस्त्याची रेघ आणि सामाईक भिंत

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



व्याख्यानास उभे राहणाऱ्याने प्रथम आपल्या अपात्रतेचा पाढा वाचावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही तो आज बाजूस ठेवतो; कारण वेळ थोडा आहे आणि विषय आपल्यांपैकी अनेकांच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे सारी हयात प्राथमिक शाळेत गेली आणि तीत मुलांकडून जिल्ह्याचे नकाशे किती काढून घेतले याची गणती नाही. त्यामुळे एक गोष्ट आम्ही अधिकाराने सांगू शकतो. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्यासारखे सोपे काम दुसरे नाही. पट्टीखाली काय झाकले गेले, हे रेघ ओढणाऱ्यास दिसत नाही. आजचे बोलणे त्या रेघेविषयी आणि तिच्याखाली येणाऱ्या आपल्या जुन्या घरांविषयी आहे.

परभणी घ्या, सेलू घ्या, मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेड घ्या. जुन्या पेठेत आपल्या कासार मंडळींची घरे बाजाराच्या रस्त्यास बिलगून, एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून ओळीने उभी असतात. पुढे दुकान, दुकानाच्या बगलेस ढेलज, आत चौक, चौकाभोवती ओसरी, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि परसात आड. वर माळद. भिंतीत बळद, देवळी, कोनाडे. बांगड्या भरावयास आलेल्या लेकीसुना ढेलजेत बसावयाच्या आणि पितळेच्या घागरींचा व्यवहार पुढच्या दुकानात व्हावयाचा. धंदा आणि संसार एकाच छपराखाली नांदत आला, तो या रचनेमुळेच.

ही घरे इतकी अरुंद आणि इतकी लांब का, असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर आपल्या वाटण्यांत आहे. बाजाराकडचे तोंड हीच घराची खरी मालमत्ता. दोन भाऊ विभक्त झाले की दोघांसही बाजाराकडे दार हवे. म्हणून वाटणीची चीर नेहमी उभी गेली, आडवी कधी गेली नाही. चोवीस फुटांचे घर बारा-बारा फुटांचे झाले, आणि मध्ये जी भिंत आली ती दोघांची. तिच्यात दोन्ही घरांच्या तुळया टेकलेल्या. भाऊ एकमेकांशी बोलोत वा न बोलोत, भिंत दोघांचेही ओझे वाहत राहिली.

ही भिंत आणि ते माळद यांविषयी थोडे विस्ताराने बोलणे अवश्य आहे; कारण रुंदीकरणाच्या कागदांत त्यांचा उल्लेख नसतो. माळदाचे घर खांब आणि तुळया यांच्यावर उभे असते. भिंत पुष्कळदा नुसता आडोसा असते. खांबांवर पाट, पाटांवर कड्या, कड्यांवर किलचा आणि त्यावर मातीचा जाड थर. दर एकदोन वर्षांनी पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती पडते. तीनचार पिढ्यांनी घातलेल्या मातीचे ते ओझे केवढे असेल, याची कल्पना ज्याने माळद उतरविले आहे त्यासच येईल. घराचे मोजमाप आपले पूर्वज फुटांत करीत नसत, खणांत करीत. आता रस्त्याची रेघ खणाच्या मधोमध पडली म्हणजे काय होते? कागदावर घराचे सहाच फूट जातात. परंतु तुळई अर्ध्यात तोडता येत नाही, म्हणून तो खण सबंध उतरवावा लागतो. पुढचे खांब गेले की मागच्यांवरचा भार फिरतो. आणि शेजारच्या घराची तुळई ज्या भिंतीत टेकली आहे तिला यंत्राचा धक्का बसला, तर ज्याच्या घरास रेघेने स्पर्शही केला नाही त्याच्याही माळदास भेग पडते. सिमेंटच्या इमारतीचा पुढचा भाग कापून उरलेला सावरता येतो. माळदाचे घर तसे कापता येत नाही. ते जाणत्या सुताराच्या हाताने, वरून खाली, टेकू देत उतरवावे लागते. असे सुतार आपल्या जिल्ह्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील.

इतके बोलल्यावर कोणी समजेल की आम्ही रुंद रस्त्यांचे वैरी आहो. तसे मुळीच नाही. हे गल्लीबोळ बैलगाडी, घोडे आणि पायी चालणारी माणसे यांच्यासाठी पडले. आज त्यांतून टेंपो, मोटारी आणि शाळेच्या बसगाड्या जाऊ पाहतात. पेठेत आग लागली तर अग्निशामक बंब तोंडाशीच अडतो आणि प्रसूतीच्या बाईस रुग्णवाहिकेपर्यंत उचलून न्यावे लागते. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी रस्ता नको असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. प्रश्न रस्ता हवा की नको असा नाही. रस्त्याची किंमत कोणी द्यावयाची आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडावयाचा, असा आहे.

हा प्रश्न जुना आहे. मुंबईस १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग वस्ती फोडून काढण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु पाडकाम आधी आणि पर्यायी घरे मागाहून, असा क्रम पडल्यामुळे उठलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत कोंबली गेली, आणि जी दाटी मोडावयाची तीच पलीकडे वाढली, अशी टीका त्या ट्रस्टवर त्याच काळात झाली. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. पण पाडकाम आधी आणि सोय मागाहून ही रीत काही त्याच्याबरोबर विलीन झाली नाही.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हाहाकार केला आणि १९१२ साली तेथेही सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड निघाले. चारमिनारकडे जाणाऱ्या बाजाराचा रस्ता या बोर्डाने रुंद केला, तेव्हा कडेने पथ्थरगट्टीची दगडी कमानींची दुकाने सलग उभारली. आपल्यांपैकी ज्यांचे लाखेच्या बांगड्यांच्या खरेदीस लाड बाजारात जाणे होते, त्यांनी त्या कमानी पाहिल्या असतील. रस्ता रुंद झाला, आणि बाजारही बाजार राहिला.

आणखी एका गृहस्थाचे नाव येथे घेतले पाहिजे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, अनेक शहरांविषयी त्यांनी अहवाल लिहिले, आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. त्यांचे म्हणणे असे की, शहर सुधारणाऱ्याने शस्त्रवैद्याप्रमाणे वागावे. जेवढा भाग सडला असेल तेवढाच काढावा, सबंध हात तोडू नये. नकाशावर सरळ रेघ मारण्यापूर्वी त्यांनी गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, येथे पडके घर काढून चौक करता येईल, तेथे एक कोपरा छाटला तर गाडी वळेल, असे पाहावे. आमच्या मते आजही प्रत्येक नगररचनाकारास पट्टी देण्यापूर्वी एक जोडा चपला द्याव्यात. असो.

अलीकडचे पाहावयाचे तर दूर जाण्याचे कारण नाही. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, २००८ पर्यंतच्या दोनतीन वर्षांत, शेजारच्या नांदेडचे जुने रस्ते रुंद झाले. औरंगाबादच्या जुन्या शहरात २०११ साली रुंदीकरणाची मोहीम निघाली; आणि छत्रपती संभाजीनगर असे नाव झाल्यावर, २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत, त्याच शहराच्या मोठ्या रस्त्यांवरील हजारो बांधकामे पाडण्यात आली. पंढरपुरास मंदिराभोवती कॉरिडॉर करण्याचा प्रस्ताव २०२२ साली पुढे आला, तेव्हा पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांस उतरवून घेणारे वाडे आणि लहान दुकानदार विरोधास उभे राहिले. आपल्या परभणीस १ नोव्हेंबर २०११ पासून महानगरपालिका आहे. जेथे महानगरपालिका आहे तेथे रस्त्याची रेघ आज ना उद्या येणार, हे गृहीत धरून चालावे.

ही रेघ दोन वाटांनी येते. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यान्वये आयुक्तांस रस्त्याची नियमित रेषा ठरविता येते. तिच्या पुढे आलेले घर आपण पाडून नव्याने बांधावयास काढले, की ते रेषेच्या मागे घ्यावे लागते. जुन्या पेठेत एक घर मागे, दोन पुढे, पुन्हा एक मागे, असे दात पडलेल्या तोंडासारखे दृश्य दिसते ते यामुळे. दुसरी वाट १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातील विकास योजनेची. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती घेण्यास ३० दिवस मिळतात, त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हे ३० दिवस आपले लोक लग्नसराईत घालवितात, आणि यंत्र दारात आल्यावर निवेदन घेऊन धावतात. त्या वेळी निवेदनाचा उपयोग वर्तमानपत्रात छायाचित्र येण्यापलीकडे फारसा होत नाही.

यंत्र येणे हे तर शेवटचे संकट. त्याच्या आधी कित्येक वर्षे चालणारे दुसरे एक संकट आहे, आणि त्याची ओरड होत नाही. घर रेघेखाली आले, एवढी वार्ता पसरली की ते घर मरू लागते. त्यावर कोणी कर्ज देत नाही, कोणी ते रास्त भावाने घेत नाही, मुलगा म्हणतो पाडणारच आहेत तर माळदावर माती कशाला घालावयाची. दोन पावसाळ्यांत किलचा कुजतात. पुढे रस्ता दहा-वीस वर्षे होतच नाही; पण घर पडते. अशा घरांच्या मालकांसाठी कायद्यात एक तरतूद आहे. योजना अंतिम झाल्यावर १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने रीतसर सूचना द्यावी. आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर ती जागा त्या आरक्षणातून सुटली असे मानले जाते. ही सूचना वकिलाच्या सल्ल्याने, योग्य नमुन्यात, कागदपत्रांसह द्यावी. माळदावर माती मात्र दरवर्षी घालावी.

आता मोबदल्याविषयी. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादनाच्या कायद्याप्रमाणे शहरी भागात बाजारभाव आणि तितकीच आणखी दिलासा रक्कम मिळावयास हवी. घर तुटल्यामुळे उरलेल्या भागाचे जे नुकसान होते तेही मोजावयास हवे. पुष्कळ ठिकाणी पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टी.डी.आर., पुढे केला जातो. पुण्या-मुंबईस बिल्डर तो विकत घेतात. परंतु आपल्या गावी त्याला गिऱ्हाईक कोण? आणि जादा बांधकामाची परवानगी दिली, तरी बारा फूट रुंदीच्या पट्टीवर ती वापरावयाची कशी? जिना काढला की खोली उरत नाही. म्हणून टी.डी.आर.च्या कागदावर सही करण्यापूर्वी तो आपल्या गावात प्रत्यक्ष कितीस विकला गेला, हे विचारून घ्यावे.

कायद्याचे एक अगदी अलीकडचे वळण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. उत्तर प्रदेशातील महाराजगंज येथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी महामार्ग रुंद करण्यासाठी एका पत्रकाराचे वडिलोपार्जित घर पाडण्यात आले. लेखी सूचना नव्हती, नुसती दवंडी पिटविली होती. घर रस्त्यावर ३.७० मीटर आले होते असे म्हणणे होते. तोडले मात्र ५ ते ८ मीटर. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यावयास लावली आणि सर्व राज्यांसाठी रीत घालून दिली. रस्त्याची मूळ रुंदी अभिलेख व नकाशे पाहून आधी ठरवा. अतिक्रमण असल्यास मोजणी करून लेखी सूचना द्या, हरकत ऐका, कारणे देऊन निर्णय द्या. आणि मूळ रस्ताच अपुरा असेल तर जमीन कायद्याने संपादन करून घ्या. त्याच महिन्याच्या १३ तारखेस त्याच न्यायालयाने दुसऱ्या निकालात पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची सूचना आवश्यक ठरविली. परंतु सार्वजनिक रस्त्यावरील अनधिकृत बांधकामास हे संरक्षण नाही, असेही सांगितले. यातील मर्म असे की आपली ओसरी आपल्या जागेत आहे की रस्त्यावर, यावर सारे अवलंबून आहे. आणि ते सिद्ध करावयाचे तर कागद पाहिजे.

येथे मराठवाड्यातील माणसाची अडचण पुणेकरास कळणार नाही. आपल्या घरांचे जुने कागद निजामशाहीतले, म्हणजे उर्दूत. वर्षे फसली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. कागद मात्र पेटीत होते तसेच राहिले. आमच्या आजोबांच्या पिढीस ते वाचता येत. आमच्या पिढीस त्यांतला अलिफही ओळखता येत नाही. आमच्या घरचे खरेदीखत आम्ही एका वयोवृद्ध मौलवींकडून वाचवून घेतले, तेव्हा चतुःसीमेत आमच्या ओट्याच्या पुढे गटार आणि त्यापुढे रस्ता असे स्पष्ट लिहिलेले निघाले. म्हणजे ओटा आमचा होता. दोन पिढ्या आम्ही तो सरकारचा समजत होतो. फसली सनात ५९० वा ५९१ मिळविले की इसवी सन निघतो, एवढे गणित पाठ असले तरी पेटीतील कागदांचा क्रम लावता येतो.

आणि कागद आजोबांच्याच नावावर असतील तर? आमच्या नात्यातील एका घराचा पुढचा भाग रस्त्यात गेला. दुकान गेले, ढेलज गेली, आणि चौकातील तुळशीवृंदावन रस्त्याच्या कडेस आले. भरपाई मंजूर झाली, परंतु घर पणजोबांच्या नावे. वारस चार शाखांचे. एक शाखा हैदराबादेस, एक पुण्यास, एकीत कोर्टात भांडण. सह्या जमेपर्यंत रक्कम अडकून राहिली आणि तोपर्यंत त्या घरातील कर्त्या पुरुषाने भाड्याच्या गाळ्यात दुकान मांडून पागडी भरली, तीही व्याजाने काढून.

आता जे बोलावयाचे ते थोडे कडू आहे, तरी ते बोलण्यासाठीच आम्ही उभे राहिलो. त्याच घराच्या पाठीमागे त्यांच्या चुलत्याचे घर. ते बोळात होते. पुढची ओळ पूर्ण उतरल्यावर ते रुंद रस्त्यावर आले. ज्या भिंतीस कधी ऊन लागले नव्हते तिच्यात तीन शटर बसली. एकाचे दुकान गेले आणि दुसऱ्यास तीन गाळ्यांचे भाडे सुरू झाले. दोघांचेही कर्तृत्व यात काही नव्हते. रेघेने एकाकडचे घेऊन दुसऱ्यास दिले. या दोन घरांत आज जाणे-येणे नाही. हरकतीच्या सुनावणीस पुढच्या ओळीचे सारे गेले होते, मागच्या ओळीतून एकही आला नाही. आणि का आला नाही, हे सर्वांस समजले.

असे केवळ आपल्याच ज्ञातीत घडते असे नाही. कायद्याने हे पूर्वीच ओळखले आहे. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा आणि पुढे १९६६ चा कायदा, दोहोंत नगररचना परियोजना म्हणून एक पद्धत आहे. तीत एका भागातील सर्व मालकांच्या जागा एकत्र धरून रस्त्यासाठी प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा घेतात, उरलेली जागा पुन्हा आखून देतात, आणि ज्याची किंमत वाढली त्याच्याकडून सुधार आकार घेतात. मोकळ्या जमिनीवर हे सोपे, भरवस्तीत फार अवघड, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जे नगरपालिकेस अवघड ते चार चुलत भावांस अवघड नसावे. रस्ता होण्यापूर्वीच पुढच्या व मागच्या घरांनी एकत्र बसून लेखी ठरवावे: मागच्याचे घर पुढे आले, तर त्याच्या पहिल्या गाळ्यावर दुकान गेलेल्याचा हक्क, तोही ठरलेल्या माफक भाड्याने, अमुक वर्षे. सामाईक भिंत उतरवावी लागली तर टेकूचा आणि दुरुस्तीचा खर्च दोघांचा. भाडेकरू असतील तर त्यांचीही नावे त्यात यावीत. घर मालकाचे असले तरी पोट भाडेकरूचे त्याच गाळ्यावर चालते. दोन गावांत आम्ही हा विषय काढून पाहिला. पुढच्या ओळीतील मंडळींस तो फार पसंत पडला. मागच्या ओळीतील मंडळींनी चहा फार चांगला केला.

संस्थेकडे आमच्या दोन मागण्या आहेत. ज्यांची घरे उतरतील त्यांचा माल व भांडीकुंडी ठेवण्यास संस्थेच्या कार्यालयातील एक खोली मोकळी ठेवावी, भाडे घेऊ नये. आणि प्रत्येक गावच्या पेठेतील आपल्या घरांची मापे, खणांसह, व छायाचित्रे या वर्षातच करून ठेवावीत. शेजाऱ्यांस साक्षीला घ्यावे, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत. भिंत त्यांचीही आहे.

आज जेवणानंतर मागील दालनात उर्दू जाणणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ आणि आपल्यांपैकी एक तरुण वकील बसणार आहेत. ज्यांनी पत्रकातील सूचनेप्रमाणे जुने कागद आणले असतील त्यांनी ते कापडात गुंडाळलेले तसेच न्यावेत, घड्या ताणून उघडू नयेत. झेरॉक्सवर शिक्का नीट उठत नाही, म्हणून मूळ कागदच दाखवावेत व आपल्या हाताने परत घ्यावेत. काही जणांनी हौसेने कागद लॅमिनेट करून घेतले आहेत असे कळते. त्यांनीही ते आहेत तसेच आणावेत. प्लास्टिक सोलून काढण्याच्या भानगडीत पडू नये.